केरबानं फोडलेली सुपारी

थंडी अशी पडली होती की वाळूजच्या कंपन्यांचा धूरसुद्धा वर जायचा कंटाळा करून पत्र्यांवरच बसून राहिला होता. केरबा घोंगडी पांघरून मेंढ्यांच्या कुंपणात उकिडवा बसला होता आणि एका मेंढीशी भांडत होता.

मेंढीचं कोकरू परवा मेलं होतं. दुसरीला जुळी झाली होती आणि दूध एकापुरतंच होतं. तेव्हा त्यातलं एक हिच्या कासेला लावायचं. त्यासाठी कोकराच्या अंगाला मीठ चोळायचं. मेंढी मीठ चाटते, चाटता चाटता वास ओळखीचा होतो आणि हे आपलंच, असं तिला वाटायला लागतं. केरबाच्या आज्याची ही युक्ती. या मेंढीनं सगळं मीठ चाटून घेतलं आणि वर कोकराला ढुशी मारली.

"मीठ खाती अन् ढुशी देती," केरबा म्हणाला. "भाडेकरू व्हायला पायजे व्हतं तू."

भाडेकरूंचा त्याला अनुभव होता. बापाच्या काळात मेंढरं चरायची तिथं कंपन्या आल्या, राहिलेल्या रानाचे प्लॉट पडले. मेंढरं कमी होत गेली तशा केरबाच्या अंगणात पत्र्याच्या खोल्या वाढत गेल्या. त्यातल्या कडेच्या खोलीत रत्नमाला आणि तिची पोरगी सृष्टी. सृष्टी पाचवीत असताना तिचा बाप वारला. दीर-भावकी दहाव्याला आली, जेवली आणि गेली ती गेलीच. तेव्हापासून पोरीच्या कामाला बाप्या माणूस लागला की रत्नमाला दारातून हाक मारायची, "भाऊ, जरा येता का?" आणि भाऊ जायचे.

जायचे, पण काय उजेड पाडायचे ते केरबालाच ठाऊक. शाळेच्या पालकसभेला गेला तो भलत्याच वर्गात जाऊन बसला. तिथल्या मास्तरांनी कुणा पोरानं बाक मोडल्याचं गाऱ्हाणं केलं. ते यानं मान डोलावून ऐकलं आणि घरी येऊन सृष्टीला झाडलं. सायकल शिकवायला गेला, तर स्वतःला सायकल येत नव्हती. मागं धरून पळता पळता हा नालीत पडला, आणि पोरगी मागं न बघता पार चौकापर्यंत गेली. त्यालाच तो पुढं 'मी शिकवली' म्हणायचा. केरबाला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बोलायची त्याच्या घरात पद्धतही नव्हती.

"मामा," कुंपणापाशी सृष्टी उभी होती. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आयटीआय करून ती एका कंपनीत मशीनवर लागली होती आणि उन्हाळ्याच्या आत कायम होणार होती. "ध्यानात हाय ना? एकच विचारायचं."

"लगनानंतर नोकरी करू देता का नाय."

"अन् ते व्हय म्हनले तर?"

"तर म्हनायचं, घरी जाऊन सांगतो."

"नाय म्हनले तर?"

"च्या पिऊन उठायचं."

"च्या कशाला?"

"थंडी लई हाय गं," केरबा म्हणाला.

शिफ्टची बस आली तशी ती पळाली. स्थळ देवगाव रंगारीचं होतं. माणसं आपल्यातलीच, मेंढरं राखून शेती करणारी. ती येऊन मुलगी बघून गेली होती आणि त्यांना पसंत होती. आता मुलीकडच्या बाप्या माणसानं जाऊन घर बघायचं होतं. केरबाची बायको वच्छलाबाई इस्त्रीचा सदरा घेऊन आली.

"तोंड बंद ठेवून या," ती म्हणाली.

"तोंड बंद ठेवून विचारू कसं?"

"तेवढं इचारायपुरतं उघडा."

एसटीत केरबानं प्रश्न घोकला. पाव्हणं, आमची पोरगी नोकरी करती, ते पुढं चालेल का? बाजूच्या माणसाला वाटलं आपल्यालाच विचारतोय. तो म्हणाला, न चालायला काय झालं. केरबाला बरं वाटलं. अर्धं काम तर गंगापूरच्या आतच झालं.

देवगावात पुंजाराम म्हणजे मुलाचा बाप स्टँडवर घ्यायला आला होता. माणूस मोठ्या आदबीचा. ओसरीवर सतरंजी, पाणी, चहा. मुलगा विश्वजीत खाली मान घालून समोर बसला. केरबानं घसा साफ केला, "पाव्हणं, आमची पोरगी," एवढं म्हणाला, आणि तेवढ्यात दारामागनं मेंढरू ओरडलं.

"मेंढरं हायेत व्हय अजून?"

"हायेत की. बघता का?"

इथंच बट्ट्याबोळ झाला. घर बघायला आलेला माणूस मेंढरं बघायला गेला. मग लोकर कुणी घेईना झालंय हे निघालं, मग घोंगडी विणणारी माणसं राहिली नाहीत हे निघालं, मग पुंजारामनं बापाच्या वेळची घोंगडी पेटीतून काढून आणली आणि केरबानं ती नाकाला लावून वास घेतला. दोघांचे डोळे ओले झाले. विश्वजीत तिकडं एकटाच ओसरीवर खाली मान घालून बसलेला. सोयरीक या दोन म्हाताऱ्यांचीच जुळली होती.

परत येऊन बसतात तर मध्ये ताट मांडलेलं. हळद-कुंकू, नारळ, साखरेची वाटी आणि अख्खी सुपारी. हे ताट कशासाठी असतं ते केरबाला पुरतं माहीत होतं. बोलणी पटली की मुलीकडच्यानं सुपारी फोडायची. फुटली की सोयरीक पक्की, मग त्यात बदल नाही. अशा कितीएक सुपाऱ्या त्यानं लोकांच्या घरी फुटताना बघितल्या होत्या, पंचात बसून जेवणं जेवला होता.

पण पुंजाराम बापाच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. गोष्ट रंगात आली होती. आणि गोष्ट ऐकताना केरबाचा हात रिकामा राहत नसे, ही तीस वर्षांची खोड. त्यानं खिशातला अडकित्ता काढला, समोरची सुपारी उचलली आणि कुत्रा लांडग्यावर झेप घेतो त्याच क्षणाला कटकन फोडली.

पुंजारामची गोष्ट तिथंच तुटली. केरबा म्हणाला, "मग? लांडगा पळाला का?"

"सुपारी फुटली," आतून कुणीतरी बाई म्हणाली, आणि मग घरभर तेच झालं. पुंजारामनं उठून मिठी मारली, केरबाच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि तोंडात साखरेची मूठ कोंबली. केरबा काहीतरी बोलला. पण साखर भरल्या तोंडातून 'नाय' आणि 'व्हय' सारखंच ऐकू येतं. विश्वजीतनं पाया पडून घेतलं.

परतीच्या एसटीत तो टोपी घालूनच बसला. काढावी तर अपशकुन, ठेवावी तर ड्रायव्हरच्या आरशात आपलंच टोपीतलं तोंड दिसतं. गुराढोरांच्या बाजारात केरबाच्या शब्दाला वजन होतं. रुमालाखाली बोटं दाबून एकदा भाव ठरवला की फिरवायचा नाही. आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही, एवढं मात्र कमावलं होतं. आता तो शब्द आणि पोरीची नोकरी एकाच अडकित्त्यात सापडली होती.

दुपार कलताना अंगणात शिरला तर तिघी बसलेल्या, सृष्टीही शिफ्ट संपवून आलेली. टोपी बघून रत्नमालाचा चेहरा उजळला. सृष्टीचा नाही.

"काय म्हनले?" तिनं विचारलं.

"मानसं लई चांगली."

"नोकरीचं काय म्हनले?"

"मेंढरंबी चांगली ठेवलीत."

"मामा."

मग त्यानं सगळं सांगितलं. कुत्र्यापर्यंत आल्यावर वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. रत्नमाला हळूच म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. फुटली ती फुटली. करील ती संसार." सृष्टी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. ओरडली असती तर केरबाला सोपं गेलं असतं.

"फोन लाव," तो तिला म्हणाला.

"कुनाला?"

"लाव पुंजारामला. अन् ते मोठ्यानं ऐकू येतं ते कर. परत कायतरी घोळ घातला तर तुला कळला पायजे."

फोन लागला. "बोला व्याही," पुंजाराम म्हणाला.

"व्याही म्हनू नका अजून. सुपारी मी चुकून फोडली."

"चुकून?"

"कुत्र्याच्या नादात. तुमची गोष्ट लई रंगली." केरबानं टोपी काढून हातात घेतली. "पाव्हणं, पोरगी नोकरी सोडनार नाय. तुम्हाला चालतं का? हे मला आधी इचारायचं व्हतं."

पुंजाराम म्हणाला, "आमच्या घरच्या बाया कंपनीत जात नाय. घरी काय कमी हाय?"

"कमी काय नाय. पन मग हे जमायचं नाय."

"सुपारी फुटल्यावर?"

"फुटल्यावर."

"तुमच्या शब्दाला बाजारात लई वजन हाय म्हनं."

"व्हतं," केरबा म्हणाला.

पुंजारामचा आवाज चढला. "तुम्ही तिचे व्हता कोन असं परस्पर मोडनारे? बाप हायेत का?"

याचं उत्तर केरबानं घोकलेलं नव्हतं. तोंडातून आलं ते हे : "घरमालक."

सृष्टीनं डोक्याला हात लावला. "मामा, बाप म्हना की," ती हळू आवाजात म्हणाली, "काय बिघडतंय तुमचं."

केरबा फोनकडं बघत राहिला. घोंगडीचा वास आठवावा तसं त्याच्या नाकात काहीतरी आलं. "बाप समजा," तो फोनमध्ये म्हणाला. "भाडं घेतो तो भाग निराळा."

पुंजारामनं फोन ठेवला. रत्नमालानं सुस्कारा टाकला. चांगलं स्थळ गेलं ते गेलंच, असं तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि केरबाला ते नाकारता येत नव्हतं. पुढच्या बाजारात लोक काय म्हणतील हेही त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

"टोपी-टॉवेल एसटीनं परत धाडू," तो म्हणाला. "टॉवेल कुठं गेला?"

वच्छलाबाईनं कुंपणाकडं बोट केलं. थंडीनं काकडलेलं कोकरू तिनं केव्हाच त्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि टॉवेलचा मान आता कुणाला परत करण्यासारखा राहिला नव्हता.

"पुढच्या खेपेला मी येनार संगं," सृष्टी म्हणाली. "अन् अडकित्ता घरी ठेवायचा."

"ये. पन कुत्र्याच्या गोष्टी ऐकू देनार नसशील तर मी येत नाय."

ती हसली नाही, पण दोरी सोडून चहा ठेवायला आत गेली. केरबानं फडताळातनं मिठाचा डबा घेतला आणि कुंपणात जाऊन बसला. कोकरू टॉवेलमधून सोडवलं, पाठीला, शेपटीला, मानेखाली मीठ चोळलं आणि मेंढीपुढं धरलं. मेंढीनं वास घेतला, चाटायला लागली. केरबानं आधीच आपले गुडघे बाजूला घेतले आणि ढुशीची वाट बघत बसला.