टॉवरभाऊंचं एक बोट अंतर

कुवैतमध्ये टॉवरभाऊंनी ज्या ज्या वस्तूवर हात ठेवून फोटो काढला, तिला त्यांचा हात कधी लागलाच नव्हता. रस्त्यात उभी असलेली कुणाचीही लांबलचक गाडी दिसली की भाऊ तिच्याशेजारी उभे राहायचे. पण उन्हात तापलेलं बॉनेट म्हणजे तवा, आणि मालक कुठून ओरडत येईल याचा नेम नाही. म्हणून पंजा एक बोट वर तरंगता ठेवायचा आणि चेहरा मात्र मालकाचा करायचा. "टेकव नको, वयर धर. फोटोत कळणा नाय," ही नवख्यांना त्यांची पहिली दीक्षा.

भाऊ कणकवलीकडचे, इमारतींना एसीचे डक्ट बसवणारे. नव्वदच्या दशकात मी इंजिनिअर म्हणून नवा आलो, तेव्हा अब्बासियात त्यांच्याच खोलीत जागा मिळाली. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला आंघोळ करायला लावली, इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि बसमध्ये कोंबलं. आधी मालियाच्या बसस्टँडवरची गर्दी, मग समुद्रकाठ, मग जुन्या लाकडी होड्या आणि शेवटी समुद्रावरचे ते गोळेवाले टॉवर. मला लांब उभं करून, टॉवर तळहातावर धरल्यासारखा दिसेल असा त्यांनी माझा फोटो काढला. तो गावी पाहून आईला माझी नोकरी काय आहे याचा भलताच अंदाज आला.

वाटेत माहितीचा धबधबा चालू. "मोठ्या गोळ्यात पाणी आसा. आख्खा शहर त्याच्यार आंघोळ करता. वयरची खोली गरगर फिरता, चाय पिता पिता सगळो देश बघून होता." मी म्हटलं, मग चला वर. भाऊ लगेच माघारी वळले. "आत काय बघूचा? आत एसीच आसता."

मॉलच्या दाराशीही तेच. शुक्रवारी आमच्यासारख्या एकट्या पुरुषांना दारावरचा माणूस 'फॅमिली, फॅमिली' म्हणून हाकलायचा. त्याने तोंड उघडण्याआधीच भाऊ आम्हाला फिरवून पुढे न्यायचे. आपल्याला मनाई आहे हे या गृहस्थांनी कधी कबूल केलं नाही. दुसऱ्याने घातलेली बंदी ते स्वतःची आवड म्हणून मिरवायचे, आणि आम्ही शिकलेसवरलेले त्यांच्यामागून मुकाट चालायचो.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण फोनवर बायकोला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की दर शुक्रवारी मी त्या फिरत्या खोलीत चहा घेतो, आणि तिथला वेटर मला बघूनच बिनसाखरेचा आणतो.

पुढे लग्न होऊन मी मंगफ भागात राहायला गेलो, गाडी घेतली. आणि एके दिवशी कंपनीच्या मॅनेजरची मनधरणी करून भाऊंनी बायकोला महिनाभराच्या व्हिसावर आणलं. शहर दाखवायला गाडी माझी आणि कॅमेराही माझाच. मागच्या सीटवर बसल्या बसल्या वहिनी म्हणाल्या, "पयली त्या फिरत्या खोलयेत चाय पिवया."

"आज बंद आसा," भाऊ म्हणाले. "गोळ्याचा पाणी बदलतत."

पोचलो तर तिकिटाच्या खिडकीशी रांग. भाऊ माझ्या कानाशी आले, "इंजिनेर, माजी अब्रू आज तुज्या हातात." माझ्या हातात कॅमेऱ्याखेरीज काही नव्हतं. दाराशी पोचताच सवयीने ते माघारी वळले. पण दारावरच्या माणसाने वहिनींकडे पाहिलं आणि हसून बाजूला झाला. इतक्या वर्षांचं कुलूप एका नऊवारीने उघडलं.

वर टेबलाशी केरळी वेटर आला. भाऊंकडे पाहून म्हणाला, "पहली बार आए हैं?"

भाऊंचा चेहरा पडला. मी काहीतरी जुळवणार, तेवढ्यात वहिनीच बोलल्या, "हम पहली बार. ये हर शुक्रवार आता. इनका चाय बिना शक्कर."

वेटर गोंधळून गेला. वहिनी काचेपलीकडच्या समुद्राकडे बघत हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सा भायरच उभे रवलात?"

 भाऊ उठून काचेशी गेले. खाली त्यांचे सगळे शुक्रवार पसरले होते. मी कॅमेरा उचलला तसा त्यांचा पंजा आपोआप वर गेला आणि काचेपासून एक बोट अलीकडे थांबला. वहिनी शेजारी उभ्या राहिल्या, मनगट धरलं आणि म्हणाल्या, "टेकवा हात. हय कोण ओरडाचो नाय."

त्यांनी हात टेकवला. तो पुन्हा उचलला जाण्याआधी मी घाईत बटण दाबलं आणि फ्लॅश बंद करायचा राहिला.

काही वर्षांनी भाऊ कायमचे गावी गेले. मी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो, तर गाड्यांचे सगळे स्वच्छ, झकपक फोटो ट्रंकेत गेले होते. ओटीवर एकच चौकट होती, माझ्या हातचीच. काचेवर फ्लॅश उसळून पांढरा भडका उडालेला, ना भाऊंचं तोंड दिसत होतं ना वहिनींचं. पाहुणे विचारायचे, हे काय लावलंय?

भाऊ चौकटीवर पंजा सपाट ठेवून सांगायचे, "ह्यो आतलो फोटो."