उतरायला काय लागतं!

आमच्या गिर्यारोहण क्लबात मी तीन वर्षं आहे. या तीन वर्षांत मी एकही कडा चढलेलो नाही, हे कुणाच्या लक्षात येऊ नये अशी व्यवस्था मी फार कष्टानं केली होती. मंडईमागे माझं स्टेशनरीचं दुकान, वय बावन्न, वजन चौऱ्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, जरा हालचाल करा, म्हणून क्लबात आलो. युक्ती साधी होती. सह्याद्रीत कड्याच्या मागून बहुतेक वेळा एखादी पायवाट वर जातेच. मंडळी समोरून चढायची, मी खाऊच्या पिशव्या घेऊन मागून पोचायचो आणि मग सगळ्यांबरोबर ऐटीत दोरावरून खाली उतरायचो. दोराला लटकलेला माणूस चढतोय की उतरतोय, हे फोटोत दुकानातल्या गिऱ्हाइकांना कळत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात क्लबानं कोकणातल्या समुद्रकड्यांची टूम काढली. शनिवारी सकाळी स्वारगेटहून मिनीबस निघाली. आमच्या लीडर शाळेत गणित शिकवतात, त्यांना सगळे बाईच म्हणतात. बाईंनी म्हणे गाडीत सगळं नीट समजावून सांगितलं. मला कात्रजच्या आधीच झोप लागली होती.

रविवारी सकाळी आम्ही कड्याच्या माथ्यावर पोचलो. खाली सत्तरेक फूट काळा कातळ, त्याखाली समुद्र. बाईंनी दोर बांधला. "आधी खाली कोण जातंय?"

म्हणजे सुरुवातच उतरण्यानं! हा कार्यक्रम खास माझ्यासाठी ठेवलाय असं वाटलं. मी हात वर केला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"

"अहो बाई, उतरायला काय लागतं?"

"उतरायला काहीच नाही," बाई म्हणाल्या.

झोकात उतरलो. खाली दुकानाच्या ओट्याएवढा एक सपाट खडक होता. त्यावर कमरेवर हात ठेवून वरच्यांना फोटो काढू दिले. मग परतीची वाट शोधू लागलो. डावीकडे समुद्र. उजवीकडे समुद्र. मागे तर होताच.

"बाई, वाट कुठून आहे?"

"आलात तिथूनच!"

"म्हणजे?"

"म्हणजे चढून! गाडीत सांगितलं होतं. भरती लागलीय, तासाभरात तुमचा खडक पाण्याखाली जाईल. फोटो पुरे आता!"

वरून धरलेला दोर माझ्या कमरेला होता, त्यामुळे पडून मरणार नव्हतो. पण तेव्हा हे कुठलं सुचायला? खालच्या दगडांना कालवांचे शिंपले चिकटलेले, त्यांच्या धारेनं बोटं सोलली. जेमतेम दहा फूट गेलो आणि पुढे पाय कुठं ठेवावा, कळेना. खाली पाहिलं तर माझ्या ओट्यावर पहिली लाट येऊन गेली होती.

"बाई!" मी ओरडलो. "मला चढता येत नाही! कधीच आलं नाही! मी नेहमी मागून येतो!"

तीन वर्षं जपलेलं गुपित असं अरबी समुद्रासमोर फुटलं.

"उजवा पाय गुडघ्याइतका वर घ्या," बाईंचा आवाज आला. "तिथं खाच आहे. बाकीचं नंतर."

पाय घेतला आणि काय आश्चर्य, जमलं. मग दुसरी खाच, तिसरी. अंग हलकं होत गेलं. मला वाटलं, रात्रीचा भात सोडल्याचा गुण आला शेवटी. शेवटचे वीस फूट तर मी जवळजवळ चालतच गेलो. वर पोचून पाच मिनिटं गवतावर पडून राहिलो आणि श्वास परत येताच उठून बसत म्हणालो, "त्याचं तंत्र असतं. पायांवर विश्वास टाकायचा."

"एक नंबर, सर," हडपसरचा आयटीतला मुलगा म्हणाला.

दुपारी गावातल्या मुक्कामाच्या घरी जेवायला बसलो. शेजारी काका होते: सहासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, ज्यांच्या जिभेला सगळा क्लब टरकून असतो. ते चमच्यानं आमटीभात खात होते.

"काय काका, कोकणात येऊन चमचा?" माझ्या जिभेला कुठली विश्रांती!

"बदल म्हणून," असं म्हणत त्यांनी डावा हात मांडीखाली घेतला. पण उजव्या तळव्यावर दोराचा लालभडक वळ होता, तो मला दिसला. समोर त्या मुलाचे तळवे पाहिले. तसेच. बाई ताटाकडे पाहत भाकरी मोडायची खटपट करत होत्या.

चौऱ्याऐंशी किलो तिघांनी वर ओढलं होतं. आणि हे पुण्याचे लोक! कुणाचा शर्ट उसवला तरी चौकशी केल्याशिवाय राहत नाहीत. यांतल्या एकानंही ब्र काढला नव्हता. माझं तंत्रावरचं व्याख्यानसुद्धा शांतपणे ऐकून घेतलं होतं. मी काकांची भाकरी ओढून घेतली, तिचे लहान तुकडे केले आणि परत त्यांच्या ताटात ठेवले. ते म्हणाले, "मीठ वाढा."

खारट दोर गोड्या पाण्यात धुवावा लागतो. ते काम मी मागून घेतलं आणि घरी बादलीत तो चार पाण्यांतून काढला.

पुढच्या रविवारी सरावाच्या भिंतीसमोर रांगेत पहिल्यांदाच उभा राहिलो. दोर काकांच्या हातात होता. तळव्याला अजून पट्टी.

"काका, आज दोर सैल ठेवा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ठेवला. मी आठ फूट चढलो आणि फळासारखा गळून गादीवर पडलो.

काकांनी वर बघून अंदाज घेतला. "आठ फूट," ते म्हणाले. "बरे आहेत."