सुनिवाची यादी

"म्हणजे तू सही करणार नाहीस?"

"खोट्यावर नाही करणार."

"खोटं? गुडवैग, आख्ख्या इमारतीच्या डुगनाडला कुणी काय काम करायचं त्याची यादी मी केली!"

"केलीस ना. जिन्यात डकवलीस आणि पळालीस ग्रंथालयात."

सुनिवा खिडकीपाशी गेली, तशीच परत टेबलाशी आली. नॉर्वेतल्या बर्गनमधल्या गुडवैगच्या त्या स्वयंपाकघरात फिरायला चारच पावलं जागा, तीही तिला पुरेना. विकास-अभ्यासाचं तिसरं वर्ष. मलावीत सहा महिने, पाण्याच्या योजनेवर! त्यासाठीचा अर्ज तीनच्या आत जायला हवा होता आणि दोन वाजून गेले होते. 'लोकांना सोबत घेऊन केलेलं काम' या रकान्याखाली फक्त साक्षीदाराची सही राहिली होती. शेजारच्या गुडवैगनं टांझानियात वीस वर्षं नळ बसवले होते. तिच्या सहीला वजन होतं.

"सगळे आले होते की नाही त्या शनिवारी डुगनाडला?"

"दर वसंतात येतात, तुझ्या जन्माआधीपासून. सगळे मिळून पालापाचोळा काढतात, कुंपण रंगवतात, वॅफल खातात, घरी जातात. तुझी यादी कोणी बघितलीसुद्धा नाही. एक म्हातारा आस्ब्यॉर्न सोडून."

"मग? त्याचं काय?"

"त्याला कुठलं काम दिलंस?"

"छताची पन्हळ साफ करायचं."

"शिडीवर! दोन्ही गुडघे बदललेत त्याचे, बाई!"

"मग सांगायचं ना त्यानं!"

"आपल्यात कोण सांगतं गं तोंडावर? यादीत नाव दिसलं, चढला बिचारा. तिसऱ्या पायरीवरून मी उतरवला त्याला."

सुनिवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हीच रंगीत चौकटींची यादी तिनं सोमवारी वर्गात दाखवली होती. टाळ्या पडल्या होत्या.

"बरं, 'यादी केली' एवढंच लिहिते."

"लिही. आत्ता करते सही."

"एवढ्यावर कोण घेणार मला?"

"ते मला नको विचारूस." गुडवैगनं पेनाचं टोपण काढलं. "सतरा दारं आहेत इमारतीत. यादी करण्याआधी कुणाची घंटा वाजवलीस? एक नाव सांग. आहे त्या कागदावर सही करते."

एक नाव सुनिवाच्या अगदी ओठांवर आलं. ते खोटं खपलंही असतं कदाचित. तिनं टेबलावरचा बिनसहीचा कागद ओढला, घडी न घालताच पिशवीत कोंबला आणि दार उघडून बाहेर पडली.