नव्व्याण्णव टक्क्यांचा प्रोग्राम

सोफिया शहरातल्या विद्यापीठात संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेला यावोर पेंचेव गावाकडं फार हुशार होता. सोफियात तेवढा नव्हता. गावात कुणाचा टीव्ही मुका झाला की त्याच्या नावानं हाका पडायच्या. इथं तोंडी परीक्षेला त्याचंच तोंड मुकं व्हायचं. पहिल्या वर्षी तर हा गडी पंधरवडाभर भलत्याच वर्गात बसून व्याख्यानं उतरवून घेत होता आणि किती अवघड शिकवतात म्हणून बापाला फोनवर ऐट दाखवत होता.

तरी त्याला एक हाव सुटली होती. प्राध्यापक व्हल्चेवाबाईंच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी एकच जागा होती. मिळाली तर संशोधन. नाही तर पदवी घेऊन कुठल्या तरी ऑनलाइन दुकानाची बटणं रंगवत बसायचं.

जागेसाठी आपला काही प्रयोग दाखवायचा होता. यावोरनं आपल्या गावचे आलुबुखार धरले. पानाचा फोटो दाखवला की पान रोगट का निरोगी ते प्रोग्रामनं सांगायचं. बापाच्या बागेत तांबड्या ठिपक्यांचा रोग मुबलक, शेजारी त्सान्कोकाकाची बाग मात्र तजेलदार. ह्यानं एका सकाळी रोगट पानं बापाकडं टिपली, निरोगी काकाकडं, आणि जेवून ताणून दिली. मग अर्ध्या फोटोंवर प्रोग्रामला शिकवलं, उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली. शंभरात नव्व्याण्णव बरोबर. यावोर आरशापुढं उभा राहून बक्षीस घेतानाचं तोंड करून बघायला लागला.

बाईंच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. कुणाचा निकाल फारच चांगला आला, की शुक्रवारी सगळ्यांनी हाताला लागेल ते आणायचं आणि त्याचा प्रोग्राम फसवायचा. फसला, तर मालकानं सगळ्यांना चीज भरलेली गरम बानित्सा खिलवायची. यावोरनं सांगून टाकलं, की आपण खिलवायला नाही, खायला आलोय.

डॉक्टरेट करणारा लाचेझार नावाचा एक लांबोडका बाप्या होता. त्यानं पायातला निळा मोजा काढून कॅमेऱ्यापुढं धरला. प्रोग्राम म्हणाला, निरोगी.

"बरं झालं," लाचेझार म्हणाला. "मला आपली उगीच काळजी लागलेली."

मग बाईंनी आवारातल्या आलुबुखारचं ताजं, निर्मळ पान तोडून आणलं. रोगट. यावोरचा निळा सदरा निरोगी. यावोरचं तोंड रोगट.

यावोरनं आधी कॅमेऱ्याला दोष दिला, मग उजेडाला. मग गुमान बसून आपलेच फोटो एकेक उघडून बघायला लागला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काकाच्या पानापानावर मोरचुदाच्या फवाऱ्याचे निळे डाग होते. बापानं औंदा फवारलंच नव्हतं.

"काय शिकलाय मग तुझा प्रोग्राम?" बाईंनी विचारलं.

"काका फवारतो आणि बाप आळशी आहे, एवढंच शिकलाय, बाई," यावोर म्हणाला. "आणि शिकवणारा बापावर गेलाय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "दोन्ही बागांतली दोन्ही तऱ्हेची पानं टिपून आण. स्वच्छ धुऊन. सोमवारपर्यंत जागा कुणाला देत नाही."

बानित्साचा भुर्दंड भरून गड्यानं गावाची बस धरली. दुसऱ्या दिवशी तो बादली आणि स्पंज घेऊन बापाच्या बागेत शिडीवर चढला आणि झाडाला न्हाऊ घातल्यागत एकेक पान पुसायला लागला. त्सान्कोकाका कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिला.

"स्टोयको," त्यानं यावोरच्या बापाला हाक मारली, "पोरगं सोफियाला काय शिकतंय म्हणालास?"

"धुणं," बाप म्हणाला. "तुझ्या बागेकडंपण येणार आहे. बोलू नको, फुकटात होतंय."

खरा घाम बापाच्या बागेत निरोगी पान हुडकताना निघाला. बाप मागनं हिंडत ह्या फांदीवर बघ, त्या फांदीवर बघ सांगत होता, आणि पान सापडेना तसा हळूहळू त्याचाही आवाज उतरत चालला होता.

सोमवारी नव्या फोटोंवर पुन्हा शिकवलेला प्रोग्राम शंभरात एकाहत्तरच बरोबर सांगायला लागला. यावोरनं तो आकडा बाईंपुढं ठेवला तेव्हा त्याची मान खाली होती. बाईंनी आकडा बघितला, फोटो चाळले, हे एकाहत्तर तरी पान बघून आलेत म्हणाल्या, आणि खिडकीजवळच्या टेबलावरची जुनी खोकी त्याला उचलायला लावली. ही कुठं नेऊन टाकायची, त्यानं विचारलं. कुठंही टाक, बाई म्हणाल्या, आता ह्या टेबलाशी तू बसणार आहेस.