सैन्यातला वैद्य आणि आमच्या सिस्टर

सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यांना घर खायला उठलं. बत्तीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलेली बाई, सोफ्यावरच्या उशा दिवसातून किती वेळा सारख्या करणार? शेवटी त्यांची मुलगी त्यांना आमच्या ऑफिसात घेऊन आली. "दुपारची इथे येत जा, आई. नाहीतर घरात भिंतींचा ताप बघत बसशील."

ही मुलगी म्हणजे आमची ताई. छापखान्याच्या वरच्या तीन खोल्यांत आम्ही चौघं तिच्या हाताखाली कॉम्प्युटरवरचा एक युद्धाचा खेळ बनवत होतो. बुद्धिबळासारखा आळीपाळीचा नव्हे. यात दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात. तुम्ही विचार करत बसलात की समोरचा तुमच्या दारात. भालेवाला घोडेस्वाराला अडवतो, घोडेस्वार तिरंदाजांना तुडवतो, तिरंदाज भालेवाल्याला लांबूनच लोळवतो. कुणीही फार शिरजोर होऊ नये, हे बघायचं काम टक्केवारीचं. चहा घेणार का विचारलं तरी "साठ टक्के" म्हणायचा, म्हणून हे नाव. मी चित्रं काढायचो.

आमचं घोडं अडलं होतं वैद्यापाशी. जखमी सैनिकांना पट्ट्या बांधणारा या गड्याला शंभर डावांत जेमतेम चारदा कुणी सैन्यात घ्यायचं. तो लढत नाही, मग एक जागा वाया का घालवा? "त्याची ताकद दुप्पट करू," टक्केवारी म्हणाला. मला काहीही चाललं असतं. वैद्याचं चित्र तीन आठवडे खपून काढलं होतं. तो खेळातूनच जाऊ नये एवढीच माझी इच्छा.

सिस्टर खेळायला बसल्या आणि पहिला आठवडा नुसत्या हरल्या. संधिवाताने बोटं आखडलेली, चष्मा नाकावर. पण दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी आतल्या खोलीतून टक्केवारीचा आवाज आला, "हे शक्यच नाही!"

आम्ही धावलो. सिस्टरांकडे सैनिक मोजून बारा आणि वैद्य तीन. त्यांनी एक अरुंद खिंड धरली होती. एखादा सैनिक अर्धा घायाळ झाला की त्या त्याला मागे घ्यायच्या, वैद्याकडे द्यायच्या, आणि त्याच्या जागी बरा झालेला पुढे. टक्केवारीचे चाळीस लढवय्ये त्या दारावर आपटून संपले.

"नशीब," तो म्हणाला.

"बरं, पुन्हा बस," सिस्टर म्हणाल्या, आणि पुन्हा जिंकल्या. तिसऱ्या डावात मात्र तो शहाणा झाला, घोडेस्वार मागून फिरवून आणले आणि तिन्ही वैद्य कापले. सिस्टर हळहळल्या, पण म्हणाल्या, "हे असंच ठेव हं. पाठ उघडी टाकली ही माझी चूक."

तरीही दुप्पट ताकदीचा प्रयोग झालाच. सिस्टरांचं सैन्य मरेचना. घोडेस्वारही हात टेकायचे. दहा मिनिटांत त्यांनी माउस बाजूला सारला. "यात काही राम नाही. कुणी मरणारच नसेल, तर मी लक्ष कुणावर ठेवायचं?"

"पण लोक वैद्य घेतच नाहीत, सिस्टर," टक्केवारी काकुळतीला आला.

"घेतील कसे? कोण घायाळ आहे ते दिसतं कुठे? मला तुमच्या त्या सैनिकांचा जीव दाखवणाऱ्या बारीक हिरव्या रेघा भिंग घेऊन बघाव्या लागतात. वॉर्डात पाऊल टाकलं की पेशंट दिसला पाहिजे."

ते काम माझं होतं. दोन आठवडे मी जखमी सैनिक काढले: खांदा पडलेला, पाय ओढणारा, भाल्याचा आधार घेतलेला. वैद्याची ताकद पहिली होती तिथेच ठेवली, एका आकड्यालाही हात लावला नाही. पुढच्या चाचणीत शंभरातल्या एकतीस डावांत लोकांनी वैद्य घेतला, आणि जिंकण्या-हरण्याचं पारडंही कुठे फारसं झुकलं नाही. टक्केवारीने त्या आकड्यांचा कागद स्वतः नेऊन सिस्टरांच्या हातात दिला.

त्याच दुपारी ताई आईशेजारी खुर्ची ओढून बसली. पडद्यावर एकदम पाच जण घायाळ होते.

"आधी कुणाला मागे घ्यायचं, हे तुला कसं कळतं गं?"

"ओरडतो त्याच्यात जीव असतो. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं."

ताई हळूच म्हणाली, "मीही लहानपणी गप्पच असायचे, आई."

मला उठून जायला हवं होतं, पण पेन्सिल हातात तशीच राहिली. सिस्टरांनी चष्मा काढला. सारवासारव केली नाही, कामाचं कारण पुढे केलं नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "घरी येईपर्यंत माझं बघणं संपलेलं असायचं. तुझ्या वाट्याचं मी तिथेच खर्च करून यायचे."

ताईने मान खाली घातली. सिस्टरांनी ते आखडलेलं बोट तिच्या हनुवटीखाली धरलं आणि चेहरा वर केला, डोळे तपासावेत तसा. "झोप होत नाहीये तुझी. किती दिवस?"

"महिना झाला," ताई म्हणाली, आणि रडली. पडद्यावर ते पाचही जण मेले. कुणी बघितलंही नाही.

खेळ पुढे बाजारात आला. फार गाजला नाही, पण खेळणारे टिकून राहिले. सिस्टर अजून आठवड्यातून तीन दुपारी येतात. ताईला संध्याकाळी सहाला खुर्चीवरून उठवतात आणि दोघी चालत घरी जातात. सध्या त्यांचं आणि टक्केवारीचं खेळातल्या नव्या नावाड्यांवरून वाजलं आहे. सिस्टरांच्या मते नावाडी फारच लवकर थकतात.