उंबरठ्यावर थांबलेला रफीक

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाकट्या लेकीच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू मोजून परत पाठवत होतो. झोपेतच गेला म्हणाले. “अरे, काल तर बोललो त्याच्याशी,” एवढंच माझ्या तोंडून निघालं... बाभुळगावात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा रफीक माझा शाळेपासूनचा दोस्त.

ऊन आणि अंधार एकाच चित्रात धरायचे, हा त्याचा ध्यास. आमच्याकडची लग्नं भर उन्हाळ्यातली. मांडव दिसावा असा कॅमेरा लावला तर आतल्या खोलीच्या दारात काळं भोक, खोली दिसावी असा लावला तर बाहेर नुसता पांढरा भपका. म्हणून तो सेकंदाला पन्नास चित्रं घेई, एक उन्हाच्या मापानं, पुढचं सावलीच्या. घरी शबानाभाभी, त्याची बायको, कॉम्प्युटरवर त्यांच्या जोड्या जुळवत. पन्नासाची पंचवीस उरत, पण त्यांत दोन्ही दिसे. हिशेब मी पडताळला होता, चूक नव्हती.

चूक हलणाऱ्या माणसात होती. पहिल्या चित्रानंतर दुसरं येईपर्यंत तो पुढं सरके, आणि जोडल्यावर त्याच्या अंगाला आरपार दिसणारी दुसरी कड येई. भाभी ती पुसत बसत. म्हणून रफीक लग्नात ओरडे, “हलू नका बे!” धाकटीच्या लग्नात माझे व्याही वैतागले, “लग्नाले आलो का फोटोले?”

“लग्न तं आज उरकते मामाजी, पाहत जन्मभर राहसान!”

रफीकचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी बोलावलं. आमच्या लग्नाचा व्हिडिओ पुरा झाला होता, एक जागा सोडून. सुटलेलं तोरण बांधायला रफीक स्वतःच कॅमेऱ्यापुढं गेला होता.

“गिऱ्हाइकाच्या व्हिडिओत आपण दिसायचं नाही, म्हणत. हे असते तं मलेच काढायले लावलं असतं,” भाभी म्हणाल्या. “पण चालते-फिरते हे फक्त इथंच हायत, भाऊ. माझ्यानं होऊन नाही राह्यलं. तुम्ही सांगा, काढू का?”

मी आधी दाखवा म्हटलं. उन्हातून तो येतो. हात पुढं जातो, हाताची फिकट कड मागं राहते. तोरण बांधून तो उंबरठ्यावर येतो. आत माझी लेक रडते आहे. ते पाहून तो थांबतो... आणि दोन्ही कडा एकमेकींवर येऊन बसतात. पाठीमागं सगळं ऊन, पुढं सगळी खोली, मध्ये अख्खा रफीक. मग तो वळतो आणि पुन्हा विरतो.

“राहू द्या,” मी म्हटलं. भाभींनी मान हलवली आणि पडद्याकडेच पाहत राहिल्या.

मांडव गेला, दार तेच आहे. दुपारी बाहेरून घरात येताना त्या उंबरठ्यावर माझा पाय अडतो. घरचे आतून विचारतात, काय झालं? मी हलत नाही.