हातात एकच पिशवी

मनकर्णामावशीला विमानात एकच पिशवी न्यायची परवानगी होती आणि तिला न्यायची होती घोंगडी.

घोंगडी तिच्या गेलेल्या नवऱ्याची, मल्हारीची. काळी, काठाला पांढरी रेघ आणि उचलताना हात खाली यावा अशी जड. मेंढरांमागे फिरताना मल्हारी हिच्यावरच निजला. त्यांच्या घरात बाळाला घोंगडीवर निजवूनच नाव ठेवायचे. मुलगा रंगनाथ, त्याचं नावही हिच्यावरच ठेवलं होतं. आता रंगनाथ मस्कतला नोकरीला होता, त्याला मुलगा झाला होता, आणि बारसं आई आल्यावरच करू, असं त्यानं कळवलं होतं.

ही शहाऐंशी सालातली गोष्ट. आम्ही पूर्णेत रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो आणि मावशी मागच्या वस्तीत, एकटी, दोन शेळ्या सांभाळून. दूध घालायला आली की भांडं रिकामं करून दिलं तरी उंबऱ्याशी बसून राहायची. आपल्याला काम आहे हे कळून उठायची, पण सावकाश.

रंगनाथनं बजावलं होतं, मोठी पेटी आणू नको. ती आपल्या हातून घेतात आणि उतरल्यावर दुसरीकडे शोधावी लागते. तुला एकटीला जमायचं नाही. हातात एकच पिशवी, पायाशी मावेल एवढी, पाच किलोच्या आत. मी तिला माझी रेक्झिनची पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी ती भरून घेऊन आली. डिंकाचे लाडू, शेंगांची चटणी, ज्वारीचं पीठ, पानाचा बटवा आणि वर दोरीनं आवळलेली घोंगडी.

"मावशी, अडकित्ता काढा. विमानात चालायचा नाही."

"कामून? मी काय डायवरला कातरणार हाय?"

आमचे हे पार्सल ऑफिसात होते, म्हणून पिशवी तिथल्या काट्यावर ठेवली. बन्सीधर हमाल म्हणाला, "मावशे, ह्याच्यावर कापसाच्या गाठी चढतेत. तुजी पिशवी काट्याला कळंना बी."

"कळंना म्हंजे बसली की मंग वजनात."

शेवटी किराणा दुकानातल्या तराजूत घातली. घोंगडी आणि एक लुगडं, एवढ्यानंच पारडं खाली टेकलं.

मग ती रोज एकेक वस्तू काढून आणायची. काढताना कुणासाठी होती तेही सांगायची. "हे लाडू सुनंच्या कंबरंला. ही चटणी रंगनाथाला, भाकरीवर चटणी असली की दुसरं काई मागायचा न्हाई." लाडू आमच्याकडे आले, पीठ शेजारच्या कडूबाईकडे गेलं. घोंगडी मात्र निघेना.

एका सकाळी दूध ओतता ओतता तिनं विचारलं, "ताई, अंगावरचं तोलतेत का?"

"नाही."

"मंग मी पांघरूनच जाते."

वैशाखातल्या भर उन्हात ती खांद्यावरून घोंगडी घेऊन फलाटावर उभी राहिली. चुडावा गावचा तिचा पुतण्या लिंबाजी मुंबईपर्यंत सोबत होता, तो लाजून जरा लांबच थांबला. शेळ्या सांभाळायला घेतलेली कडूबाई म्हणाली, "हिव वाजायलंय का वं?"

"वाजायलंय. तुला देऊ का थोडं?"

पोळ्याच्या आधीच ती परत आली. खांद्यावर घोंगडी तशीच. पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "बगा, कुटं फाटली न्हाई."

"बारसं झालं?"

"झालं की. लय माणसं आल्ती."

मी घोंगडीकडे पाहिलं. तिला कळलं.

"लेकराच्या अंगाला पुरळ आल्तं. डाक्टर म्हनला लोकर लागू दिऊ नका. रंगनाथ लय वंगाळ तोंड करून सांगाय आला मला. मीच म्हनलं, आरं राहू दे. मी बी बघितलं की पुरळ, लालबुंद." मग म्हणाली, "गोरं हाय लेकरू."

नंतर चार-आठ दिवस ती आलीच नाही, दूध कडूबाईच्या हाती पाठवायची. मग एका दुपारी स्वतः दाराशी आली. "ताई, जरा चला. एकटीनं होईना ते."

तिनं घर सारवलं होतं. मधोमध घोंगडी अंथरली होती. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्याखालून-वरून फिरवतात, एका बाईनं द्यायचा, दुसरीनं घ्यायचा. तसा वरवंटा धुऊन, धडप्यात गुंडाळून तिनं तयार ठेवला होता. पाळणा नव्हता. घोंगडीच्या एका अंगाला ती बसली, दुसऱ्या अंगाला मी. तिनं दिला, मी घेतला, मी दिला, तिनं घेतला. मग वरवंट्याला घोंगडीवर निजवून ती खाली वाकली. मला वाटलं, आजोबाचं नाव घेईल, 'मल्हारी' म्हणेल. तिनं 'समीर' म्हटलं. त्यांनी ठेवलेलंच नाव.

जरा वेळानं मी वरवंटा उचलायला हात पुढे केला.

"इतक्यात नगं," ती हळूच म्हणाली. "निजलंय."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघी तशाच दोन बाजूंना बसून राहिलो.